लवकर सांगणाऱ्या टेस्टचं उत्तर मला दहा महिन्यांनी मिळालं

परवा थीसिसच्या बाइंड केलेल्या कॉप्या जमा केल्या, पावतीवर शिक्का मारून घेतला आणि घरी येऊन आधी झोपले. आता लिहायला बसलेय, कारण मी सुरुवात केली तेव्हा एकेआयच्या बायोमार्करवर, म्हणजे किडनीची अचानक झालेली इजा सांगणाऱ्या रक्तातल्या-लघवीतल्या खुणांवर, पेपर ढीगभर सापडले, पण हे काम हातानं करताना नक्की कुठे कुठे अडकायला होतं ते सांगणारं कोणी सापडलं नाही. मी बायोकेमिस्ट्रीची रेसिडेंट, म्हणजे लॅबमधली, पेशंटशी आमचा संबंध नळीवरच्या लेबलपुरता, त्यामुळे जरा जास्तच चुका केल्या. त्या पण लिहितेय.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकेआय म्हणजे किडनीला अचानक बसलेला दणका, काही तासांत किंवा दिवसांत. मोठं ऑपरेशन, सेप्सिस, काही औषधं, बीपी खूप वेळ खाली राहणं, कारणं बरीच. आणि ते ओळखायला आपल्याकडे आहे काय, तर रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा कचरा, जो किडनी बाहेर टाकते) आणि लघवीचं माप. केडीगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१२ ची व्याख्या: ४८ तासांत क्रिएटिनिन डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमनं वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, किंवा सहा तास लघवी ताशी किलोमागे अर्ध्या मिलीपेक्षा कमी. आता गोची अशी की क्रिएटिनिन हे किडनीला मार बसल्याचं लक्षण नाहीच, ते काम कमी झाल्याचं लक्षण आहे, तेही साचायला एक-दोन दिवस लागतात, आणि जवळपास अर्धं काम बंद पडेपर्यंत ते शहाण्यासारखं नॉर्मलमधे बसून राहू शकतं. त्यात ते स्नायूंवर अवलंबून, शरीरातल्या पाण्यावर अवलंबून. आम्ही ते ज्या पिक्रिक अॅसिडच्या रिअॅक्शननं मोजतो ती याफेनं १८८६ साली सांगितलेली आहे, यावरून काय ते समजा.

९ जानेवारीला सरांनी विषय पक्का केला: हार्टच्या ऑपरेशननंतर लघवीतलं एनगॅल. पूर्ण नाव न्यूट्रोफिल जिलेटिनेज असोसिएटेड लिपोकॅलिन, २५ किलोडाल्टनचं छोटं प्रोटीन. किडनीतल्या बारीक नळ्यांच्या, म्हणजे ट्यूब्यूलच्या, पेशींना इजा झाली की दोन-तीन तासांत लघवीत वाढायला लागतं. २००५ साली लॅन्सेटमधे सिनसिनाटीच्या गटाचा पेपर आला, बायपास मशीनवर (ऑपरेशनपुरतं हार्ट आणि फुप्फुसाचं काम करणारं मशीन) ऑपरेशन झालेली ७१ मुलं, त्यातल्या २० जणांना एकेआय, आणि दोन तासांच्या लघवीतल्या एनगॅलचा एयूसी ०.९९८! (एयूसी म्हणजे टेस्ट आजारी आणि निरोगी किती नीट वेगळे काढते त्याचे मार्क, १ म्हणजे बिनचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक.) क्रिएटिनिननं तेच सांगायला एक ते तीन दिवस घेतले. हा पेपर वाचून मी हवेत होते. सर एवढंच म्हणाले, "ती लहान मुलं आहेत, डायबेटिस नाही, बीपी नाही, आणि मार नक्की किती वाजता बसला ते माहितीय. आपले पेशंट बघ आधी."

आधी माझ्या डोक्यात टिम्प-टू आणि आयजीएफबीपी-सेव्हनवाली टेस्ट होती. पेशीला धोका जाणवला की ती विभाजन थांबवते, त्या थांबण्याशी जोडलेली ही दोन प्रोटीनं. ३४० मार्करांतून ही जोडी निवडली होती आणि अमेरिकेत एफडीएनं २०१४ मधे ती टेस्ट मंजूर केली. पण तिला तिचं स्वतःचं मीटर लागतं, दर पेशंटला नवी कार्ट्रिज लागते, आणि आमच्या थीसिसच्या ग्रँटमधे मीटरचा खोकासुद्धा आला नसता. एनगॅलची साधी एलायझा (रंगाच्या गडदपणावरून प्रोटीन मोजणारी) किट परवडत होती, परवडत होती म्हणजे तीसुद्धा सगळी ग्रँट खाऊन वर खिशाला हात लावून गेली. बजेट करताना नुसतं किट लिहू नका. क्रायो व्हायल, टिप्स, लेबलं, फ्रीझर बॉक्स, स्टॅटिस्टिक्सवाल्यांची फी, बाइंडिंग, हे सगळं मिळून किटच्या मागोमाग येतं.

मग एथिक्स कमिटी. मीटिंग महिन्यातून एकदाच, कागद दहा दिवस आधी पाहिजेत, मी नवव्या दिवशी गेले. गेला महिना. पुढच्या वेळी चौदा सेट हार्ड कॉपी, प्रत्येक पानावर सही, कन्सेंट फॉर्म पेशंटला कळणाऱ्या भाषेत, त्याचं उलटं भाषांतर, आणि भाषांतर बरोबर असल्याचं वेगळं पत्र. मार्चच्या मीटिंगला मला बाहेर अडीच तास बसवलं आणि आत चार मिनिटं. तीन प्रश्न आले. खर्च पेशंटवर पडणार का? नाही. जादा सुई टोचणार का? नाही, कॅथेटर असतंच. तिसरा: रिझल्ट पेशंटला किंवा त्याच्या डॉक्टरांना कळवणार का?

मी म्हणलं, नाही. सगळे सॅम्पल शेवटी एकत्र लावणार, आणि कटऑफ अजून ठरलेला नाही, त्यामुळे कळवून गोंधळच होईल. उत्तर तयारच होतं, सिनियरच्या थीसिसमधून उचललेलं. एका मॅडमनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मंजुरीचं पत्र २१ एप्रिलला आलं. (फोनवर मीटिंगनंतर आठवड्यात पत्र मिळेल असं सांगितलं होतं, मी पाच वेळा खिडकीवर जाऊन आले, पत्र नऊ दिवस तिथल्याच ट्रेमधे होतं.)

पहिला पेशंट ६ मे. कन्सेंट आदल्या संध्याकाळी घ्यायचा. मी छान पाठ करून गेले, "तुमच्या किडनीसाठी एक अभ्यास..." आणि पेशंटचा मुलगा उठूनच उभा राहिला. "मॅडम, ऑपरेशन हार्टचं आहे ना? किडनीचं कोणी बोललं नाही आम्हाला!" त्याला वाटलं काहीतरी लपवलंय. शेजारच्या बेडवरून एकानं विचारलं, किडनी काढणार का. त्या दिवशी सही मिळाली नाही. दुसऱ्या पेशंटपासून वाक्य बदललं: "ऑपरेशननंतर नळीतून जी लघवी फेकून देतात, त्यातली दोन चमचे तपासायला द्याल का?" त्यानंतर नकार फारच कमी आले. किडनी हा शब्द दुसऱ्या मिनिटाला यावा, पहिल्या नाही.

आयसीयूत मला खरं शिकवलं ते रात्रपाळीच्या सिस्टरनी. प्रत्येक पेशंटची दोन सॅम्पल, एक ऑपरेशनआधीचं आणि एक नंतर चार तासांनी. हे चार तासांचं पहिलं सॅम्पल मी यूरोबॅगच्या खालच्या तोटीतून घेत होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, ही तर ऑपरेशन थिएटरपासूनची सगळी साठलेली लघवी आहे, तुम्हाला चार तासांची पाहिजे ना?" बरोबरच की. मग कॅथेटर थोडा वेळ क्लॅम्प करून पोर्टमधून ताजी घ्यायची हे त्यांनी दाखवलं. आणि बाई, क्लॅम्प काढायला विसरू नका! मी एकदा विसरले, सिस्टरनी पाचव्या मिनिटाला बघितलं म्हणून बरं.

चार तास कुठून मोजायचे हेही आधी लिहून ठेवा, ऑपरेशन संपल्यापासून, आयसीयूत आल्यापासून की बायपास मशीन बंद झाल्यापासून. मी शेवटचं धरलं, तो वेळ परफ्यूजनच्या, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्यांच्या, शीटवर मिनिटासकट असतो. चार तास झाले की सँपल घेऊन पळत लॅब, दहा मिनिटं सेंट्रीफ्यूज, वरचं स्वच्छ पाणी तीन व्हायलमधे अर्धा-अर्धा मिली, आणि उणे ८० च्या फ्रीझरमधे. तीन व्हायल का, तर एकदा वितळवलेलं परत गोठवायचं नाही. लेबलवर साध्या मार्करनं लिहू नका, बर्फ आणि स्पिरिटमधे ते पुसून जातं, माझे पाचव्या पेशंटचे तिन्ही व्हायल अनामिक झाले आणि पेशंट गळाला.

आणखी गळती कुठे होते ते सांगते. एनगॅल नावातच न्यूट्रोफिल आहे, म्हणजे लघवीत पस सेल असले की ते तिथूनही येतं. म्हणून ऑपरेशनआधीच्या लघवीची रूटीन मायक्रोस्कोपी करून इन्फेक्शनवाले बाहेर ठेवले. आधीपासून किडनी कमजोर असलेले बाहेर, नुकताच अँजिओचा काँट्रास्ट (एक्स-रेत नसा दिसण्यासाठी टोचतात ते द्रव्य) गेलेले बाहेर. कागदावर वाटतं ऐंशी पेशंट चार महिन्यांत होतील, मला जवळपास दहा लागले, शेवटचा २८ फेब्रुवारीला. आणि क्रिएटिनिनची पद्धत मधेच बदलू देऊ नका. आमच्या मशीनवर एन्झायमॅटिक सुरू करायचं घाटत होतं, मी अक्षरशः हात जोडले, माझे पेशंट संपू द्या.

आता ३१ नंबरचा पेशंट. ऑगस्टमधला, साठीच्या आतला माणूस, व्हॉल्व्ह बदललेला, बोलका. ऑपरेशनआधी क्रिएटिनिन ०.९. ऑपरेशनच्या रात्री ०.८. हे कमी होणं फसवं असतं, बायपासमधे इतकं पाणी शरीरात जातं की सगळंच पातळ होतं, क्रिएटिनिनही. दुसऱ्या दिवशी सकाळी १.०. लघवी चांगली होती, पण लघवी वाढवणारं लॅसिक्स चालू होतं म्हणजे तीही औषधाचीच. राउंडला सगळे खूश, शीटवर "रीनल: स्टेबल" लिहिलेलं मी स्वतः बघितलं. दुखत होतं म्हणून दुपारी पेनकिलरचं इंजेक्शन दिलं, किडनीला न आवडणाऱ्या गटातलं, क्रिएटिनिन नॉर्मल होतं तर द्यायला कोणाचा हात अडणार? ४८ तासांनी १.५. तिसऱ्या दिवशी २.३. मग लघवीही आटली. दोन डायलिसिस झाले, मग हळूहळू उतरलं, तीन आठवड्यांनी घरी गेला.

नोव्हेंबरमधे ओपीडीत फॉलोअपला आला तेव्हा त्यानंच मला ओळखलं. "मॅडम, ती लघवी नेली होती ना तुम्ही, त्याचं काय निघालं?" मी म्हणलं अजून लावली नाही, सगळ्यांची एकदम लावणार. तो बरं म्हणाला. त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही, मलाही तेव्हा फारसं वाटलं नाही.

किटची ऑर्डर मार्चमधे गेली. चार आठवडे सांगितलेले, आली मेच्या मध्यावर, कारण परचेसच्या फाइलवर एक सही कोटेशनची मुदत संपल्यावर झाली आणि कोटेशन पुन्हा मागवावं लागलं. आणि माझी मोठी चूक इथली. ९६ वेल्सची (खळग्यांची) प्लेट, १६ स्टँडर्डला (ज्यांतलं प्रमाण आधीच माहीत असतं ती द्रावणं), उरल्या ८०, प्रत्येक सॅम्पल दोनदा लावायचं म्हणजे ४० सॅम्पल. माझे ८० पेशंट, प्रत्येकी आधीचं आणि चार तासांचं, १६० सॅम्पल. चार प्लेट! किती सुंदर गणित जुळलं म्हणून मी चारच मागवल्या. रिपीटला जागा शून्य, प्लेटा एकमेकींशी जुळतायत का बघायला कंट्रोल शून्य. तुम्ही एक प्लेट जास्तीचीच धरा, आणि आधी पाच-सहा सॅम्पल वेगवेगळ्या पातळीला डायल्यूट करून बघा, कारण निरोगी माणसात एनगॅल थोडेसे नॅनोग्रॅम असतं आणि मार बसलेल्यात शेकड्यानं, कधी हजारात.

३ जूनला पहिली प्लेट. एलायझा हा धीराचा खेळ आहे, टाका, थांबा, धुवा, टाका, थांबा, धुवा. शेवटी सबस्ट्रेट घातला की वेल्स निळ्या व्हायला लागतात, जितकं एनगॅल जास्त तितकं लवकर आणि गडद. ५ तारखेच्या प्लेटवर मी मल्टिचॅनल पिपेट खाली ठेवलं आणि वाकून बघत होते, वरच्या स्टँडर्डलासुद्धा अजून फिकट आकाशी रंग, बाकी प्लेट पाण्यासारखी, आणि डी रांगेत शेजारशेजारच्या दोन वेल्स आधीच शाईसारख्या. शीट बघायची गरज नव्हती पण बघितली. ३१ बी. बी म्हणजे चार तासांचं. स्टॉप सोल्यूशन घातल्यावर सगळ्या पिवळ्या झाल्या, रीडरमधे ४५० नॅनोमीटरला त्या दोन वेल्सपुढे आकडा आलाच नाही, नुसतं "ओव्हर".

म्हणजे त्या रात्री क्रिएटिनिन ०.८ होतं, शीटवर स्टेबल लिहायला अजून बारा तास होते, पेनकिलरला त्याहून जास्त, आणि हे सगळं त्या अर्ध्या मिलीत होतं. मी ते उणे ८० ला नेऊन ठेवलं. लवकर सांगणारी टेस्ट, आणि मी उत्तर वाचतेय दहा महिन्यांनी.

इंजेक्शन दिलं नसतं तर डायलिसिस टळलं असतं असं मी म्हणूच शकत नाही. मार तर ऑपरेशन थिएटरमधेच बसला होता. जर्मनीतला २०१७ चा अभ्यास आहे, हार्टच्या ऑपरेशननंतर टिम्प-टूवाली टेस्ट वाढलेले २७६ पेशंट, निम्म्यांना केडीगोचा पूर्ण बंडल कसून दिला, म्हणजे पाणी आणि बीपी नीट सांभाळणं, शुगर वाढू न देणं, किडनीला त्रास देणारी औषधं आणि काँट्रास्ट टाळणं. एकेआय ७१.७ टक्क्यांवरून ५५.१ वर आला. डायलिसिस आणि मृत्यूत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे एवढंच, पण हे एवढंही जादूचं औषध नव्हतं, साध्या साध्या गोष्टी होत्या, फक्त वेळेवर.

उलटी केसही होती. १२ नंबरच्या बाईंचं एनगॅल भरपूर, क्रिएटिनिन शेवटपर्यंत ढिम्म हललं नाही. माझ्या टेबलमधे त्या "फॉल्स पॉझिटिव्ह". पण खोटं कोण बोलतंय? ज्या क्रिएटिनिनला आपण उशिरा येणारा साक्षीदार म्हणतो त्यालाच न्यायाधीश करून एनगॅलचे मार्क काढतो, हा या सगळ्या विषयाचा मूळ घोळ आहे. २०११ मधे दहा अभ्यासांतले २,३२२ पेशंट एकत्र करून बघितलं होतं, एनगॅल वाढलेलं पण क्रिएटिनिन न वाढलेल्या लोकांना डायलिसिस लागणं आणि मृत्यू हे दोन्ही, काहीच न वाढलेल्यांपेक्षा जास्त होतं. २०२० मधे तज्ज्ञांच्या गटानं तर अशांसाठी स्टेज वन-एस असा वेगळा वर्ग सुचवला. मी डिस्कशनमधे हे दीड पान लिहिलं, सरांनी अर्धं ठेवलं.

ओव्हर आलेल्या अकरा सॅम्पलसाठी पाचवी किट. ती जुलैच्या शेवटी आली आणि लॉट नंबर वेगळा! मग आधीच्या प्लेटांमधली सहा सॅम्पल, ज्यांचे तिसरे व्हायल शाबूत होते, नव्या लॉटवर परत लावून दोन्ही आकडे जुळतात का बघितलं. बऱ्यापैकी जुळले, तेव्हा झोप लागली. तीन व्हायल ठेवल्याचा आनंद त्या दिवशी कळला.

स्टॅटिस्टिक्सवाले सर म्हणाले, ऐंशी नाही, तुझे खरे पेशंट एकोणीस, कारण एकेआय तेवढ्यांनाच झाला, आणि त्यातले बरेच स्टेज एकचे, म्हणजे सौम्य. एयूसी ०.७६. लॅन्सेटच्या ०.९९८ समोर ठेवून मी दोन दिवस तोंड पाडून बसले. सर म्हणाले मोठ्यांमधे असाच येतो, वय, डायबेटिस, आधीचं थोडंफार किडनीचं दुखणं, सगळं त्यात मिसळतं. ती टेस्ट मुलांमधे जास्त चांगली चालते, आणि एफडीएनं डिसेंबर २०२३ मधे एनगॅलला जी मंजुरी दिली ती तीन महिने ते २१ वर्षं वयासाठीच. लघवी पातळ असते म्हणून लघवीतल्या क्रिएटिनिननं भागून पण आकडे काढले, नुसते आणि भागलेले दोन्ही द्या, कारण एकेआयमधे तो भाजकही स्थिर नसतो, परीक्षक विचारतातच.

मला स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांनी वेगळंच विचारलं. एलायझा लावणाऱ्याला पेशंटचं पुढे काय झालं ते माहीत होतं का? मी खरं सांगितलं, हो, ३१ तर तोंडपाठ होता. ते म्हणाले मर्यादांमधे लिही. लिहिलं. तुम्ही कोड नंबर दुसऱ्या कोणाकडून टाकून घ्या, ज्यानं आयसीयू बघितलेलं नाही अशा माणसाकडून, म्हणजे हे वाक्य लिहावं लागणार नाही.

एक गोष्ट राहिली. जूनमधेच, ती प्लेट बघितल्यावर, मी कमिटीला पत्र लिहिलं होतं की ३१ नंबरच्या पेशंटनं स्वतः रिझल्ट विचारला होता, तर आता त्याला सांगू का. मीटिंग जुलैची, यावेळी कागद बारा दिवस आधी दिले. मंजूर प्रोटोकॉलमधे रिझल्ट कळवण्याची तरतूद नाही, त्या आकड्यावरून आज उपचारात काही बदल होणार नाही, त्यामुळे कळवू नये, मात्र त्याची किडनीची नियमित तपासणी चालू आहे याची खात्री करावी, असं उत्तर ऑगस्टमधे आलं. खात्री केली. शेवटचं क्रिएटिनिन १.१. ते पत्र थीसिसमधे कन्सेंट फॉर्मच्या मागे लावलंय, आणि माझ्यानंतर याच विषयावर सिनॉप्सिस लिहिणाऱ्या ज्युनियरला मी पहिलं तेच पान उघडून दिलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती अजून लिहितेय.